निंबोल्याच्या जीपचं टायमिंग

५ नोव्हेंबर

स्पीचवाल्या मॅडमनी दिलेली चित्रं ह्यांनी आज गॅलरीतून खाली भिरकावली. सफरचंद, छत्री, मांजर. लोधीपुऱ्याची अख्खी गल्ली वर बघत होती. मी खाली जाऊन गोळा केली. मांजर गटारीत गेलं.

राग आला नाही. ज्या माणसाने जन्मभर समोरच्याला बोलू दिलं नाही, त्याला विचारायचं, मांजर कुठंय दाखवा. मीही फेकलं असतं.

उन्हाळ्यात पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा. पाय बराच परत आला, काठीने चालतात. वाचा मात्र गेली ती गेलीच. एकच शब्द उरलाय, "रविवार". भूक लागली, रविवार. पंखा बंद कर, रविवार. रागावले की मोठ्याने रविवार. कळतं सगळं. आपण चुकीचा शब्द बोललो हेही कळतं. तेच वाईट.

८ नोव्हेंबर

दुपारी शाळा सुटल्यावर ह्यांना घेऊन निंबोल्याला. शेती धाकटे दीर बघतात, वसंतभाऊजी. केळीचे घड उतरवणं चालू होतं. शेडमध्ये एक अनोळखी माणूस ह्यांच्या जीपभोवती फिरत होता. खंडव्याचे शेठ, लग्नाचं लॉन आहे त्यांचं. नवरदेवाच्या एंट्रीला जुनी जीप पाहिजे.

भाऊजी म्हणाले, "सेठ, पर बंद है. चालू होत नाही."

"इंजन का क्या करना है? लड़के धक्का मार लेंगे. ऊपर फूल ही तो लगाना है."

ह्यांचा चेहरा पाहिला. काठी आपटून दोनदा रविवार, रविवार. शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी सांगून टाकलं, "ते नाही म्हणतायत." खरंच नाही म्हणत होते का, देवाला माहीत. मला तसं वाटलं.

भाऊजींनी मला बाजूला घेतलं. "वैनी, दादा येतात, तिच्याकडे बघत बसतात, डोळे पुसतात. मला नाही बघवत. शेडात ड्रिपच्या नळ्या ठेवायला जागा नाही ते वेगळंच. तुम्हाला काय वाटलं, मी हौसेनं विकून राह्यलो?"

नाही वाटलं. तसं बोलले पण.

शेवटी ठरलं, संक्रांतीनंतर बघू.

९ नोव्हेंबर

मी म्हटलं होतं, आधी चालू करून बघू. कोण करणार ते बोलले नव्हते.

युनूसभाई मेकॅनिकला फोन केला. पूर्वी त्यांचं आणि ह्यांचं तासन्‌तास चालायचं. ते आता मुलाकडे भोपाळला असतात. "भाभी, आता पॉइंटवाली गाडी कोणी हातात घेत नाही तिथे. सुधाकरभाई खुद करते थे, मैं तो बस चाय पीता था." मग म्हणाले, "फोनवर सांगतो. तुम्ही करा."

मी भूगोल शिकवते. स्कूटीत हवासुद्धा दुसऱ्याकडून भरते.

१३ नोव्हेंबर

मुक्ताला सांगितलं. लेक इंदूरहून हसत सुटली. "आई, तू और इंजिन? सीरियसली?" पुढच्या मिनिटाला पंजाबातल्या एका सरदारजींचे व्हिडिओ पाठवले. सरदारजी इंजिनाला "पुत्तर" म्हणतात. आज तीन वेळा पाहिले.

समजलं ते असं. पेट्रोल आणि हवा आत दाबली जाते. अगदी दाबली जाते त्याच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. ती कधी पडायची हे डिस्ट्रिब्यूटर नावाचा डबा ठरवतो. त्यात बोटाच्या पेराएवढे दोन पॉइंट, उघडले की ठिणगी. डबा थोडा इकडे फिरवला तर ठिणगी लवकर, तिकडे फिरवला तर उशिरा. बस एवढंच. एवढ्यावर माझा नवरा दर सुट्टीचा दिवस घालवायचा आणि मी जेवायला थांबायचे.

१६ नोव्हेंबर

निंबोला. बॉनेट उघडल्याबरोबर ह्यांनी वास घेतला. खरंच, फुलाचा घ्यावा तसा.

डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली. पॉइंट काळे ठिक्कर. पॉलिश पेपरने घासले. फट मोजायला पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो, फीलर गेज. तो ह्यांच्या पेटीत मिळाला. पट्टी फटीत घातली, घट्ट गेली. मी स्क्रू सैल करून परत लावला. मग फारच सैल. परत. परत. शेवटी ह्यांनी डाव्या हाताने पट्टी माझ्याकडून घेतली, घातली, ओढली, माझं बोट धरून पट्टीवर ठेवलं आणि पुन्हा ओढली. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. हां, एवढीच.

किती महिन्यांनी त्यांनी मला काहीतरी शिकवलं.

स्पीचवाल्या मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, चित्रं ठेवून द्या, जे त्यांचं स्वतःचं आहे त्याची नावं घ्या. म्हणजे खडूने लिहायला मी मोकळी. कॅप, रोटर, प्लग, पॉइंट, ज्याच्या त्याच्या अंगावर लिहून टाकलं. भाऊजी म्हणाले, "वैनी, गाडी आहे का फळा?"

२३ नोव्हेंबर

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवायचा, दुसऱ्याने पुढून हँडल फिरवायचं. आतली हवा अंगठा उडवते ती वेळ. अंगठा ह्यांचा, हँडल माझ्या हातात. पुस् करून हवा आली आणि ह्यांनी अंगठा झटकला, लहान मुलासारखे हसले. किती दिवसांनी दात दिसले.

मग इंजिनाच्या पुढच्या चाकावरची, म्हणजे पुलीवरची, खाच इंजिनावरच्या खुणेला लावली. खाच दिसत नव्हती, खडूने पांढरी केली. उद्या चालू करायची. बॅटरी जेमतेम आहे, हँडल मारावं लागेल.

२४ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. वाकडंतिकडं.

डिस्ट्रिब्यूटर अंदाजाने थोडा फिरवला, चावी लावली, हँडल धरलं. हे बाजूला खुर्चीवर. अंगठा वर करून मला दाखवत होते. रविवार, रविवार, लुळ्या हाताच्या अंगठ्यावर डावा अंगठा आपटत. मला वाटलं कालचं प्लगचं सांगतायत. म्हटलं, "हो हो, ते झालंय कालच." जोराने हँडल मारलं.

इंजिनाने हँडल उलटं फेकलं. मनगटातून कळ डोक्यापर्यंत. मी खाली बसले ती बसलेच. आणि वरून आवाज आला,

"मंदा!"

स्वच्छ. मोठ्याने. पूर्वी बाजारातून आल्यावर जिन्यातून मारायचे ती हाक.

खुर्ची पाडून, काठी न घेता माझ्यापर्यंत आले. मी रडत होते, हेही. भाऊजी धावत आले, त्यांना कळेना कोणाला उचलू.

एक्स-रे झाला. मनगटाला बारीक चीर आहे. प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवतात, त्यांच्याही गावी ट्रॅक्टर होता. म्हणजे हे तेच सांगत होते.

२६ नोव्हेंबर

ती हाक परत आली नाही. मी म्हटलं, "म्हणा ना, मंदा." ओठ हलले, डोळे घट्ट मिटले. रविवार. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. विचारायलाच नको होतं.

मॅडम म्हणतात, असं होतं. घाबरल्यावर, चिडल्यावर शब्द आपोआप निघतो, मागितला की येत नाही. पण निघाला म्हणजे आत आहे.

आत आहे. हे वाक्य दिवसभर घेऊन फिरले. नववीला ज्वालामुखी शिकवताना दोनदा फळ्यावर डाव्या हाताने चूक लिहिलं, मुली हसल्या.

३० नोव्हेंबर

हे निंबोल्याला यायला तयार नाहीत. निंबोला म्हटलं की माझ्या प्लास्टरकडे बोट करतात आणि मान हलवतात. भाऊजींचा फोन. "वैनी, आता राहू द्या. सेठला सांगून टाकतो." मी म्हटलं संक्रांत ठरली आहे. आवाज चढला माझा. भाऊजी म्हणाले, "हात कसा आहे?"

४ डिसेंबर

सकाळी एकटीच राजघाटावर. ह्यांची फिरायची जागा. ताप्तीवर धुकं. घाटाच्या वरच्या रस्त्याने एक बाई समोरून येत होत्या, मी त्यांच्याकडे चालत होते, लगेच भेटलो. ओळखीच्या निघाल्या, दोन शब्द बोललो. पुढे एक गृहस्थ माझ्यामागून माझ्याच दिशेने येत होते, त्यांना मला गाठायला घाट संपला.

तिथेच उभी राहिले. डब्याच्या आत रोटर फिरतो. डबा त्याच्या समोर नेला तर भेट लवकर. त्याच्याच दिशेने सरकवला तर उशिरा. मी त्या दिवशी रोटरच्या उलट दिशेला फिरवला होता. ठिणगी फार लवकर पडली, पिस्टन अजून वर येत होता, त्याला मध्येच खाली ढकललं आणि हँडल फिरलं माझ्यावर.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हातवारे करून, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंत चालून दाखवलं. "चूक माझी होती, तुम्ही तर सांगत होता. मला दिशा कळली नव्हती. आता कळली."

ऐकत होते. पूर्ण ऐकत होते.

७ डिसेंबर

आज सकाळी उठले तर हे दारात बूट घालून उभे. डाव्या हाताने बांधलेली लेस, एकच गाठ, जीभ बाहेर आलेली बुटाची. हातात जीपची चावी.

निंबोला.

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, ह्यांचा उजवा लुळा. डब्याचा बोल्ट सैल करायला पाना मी धरला, बोल्ट त्यांनी. काय घसरला, काय घसरला. भाऊजी मदतीला पुढे झाले तर दोघांनीही त्यांना हाताने थांबवलं. ते म्हणाले, "बरं बाबा, मी हँडलापुरता," आणि अंगठा बोटांना चिकटवून दाखवला.

सरदारजींची बल्बची युक्ती केली. एक वायर डिस्ट्रिब्यूटरला, एक इंजिनाच्या लोखंडाला, मध्ये छोटा बल्ब. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. खाच खुणेवर ठेवली. ह्यांनी डाव्या हाताने डबा फिरवायला घेतला, अगदी सावकाश, कोणी झोपलेलं असताना दार लोटतात तसा. बल्ब लागला. तिथेच थांबले.

"पॉइंट," म्हणाले.

मी बल्बकडे बघत होते. भाऊजींनी माझ्या खांद्याला हात लावला, "वैनी, दादा बोलले."

काही विचारलं नाही ह्या वेळी. नुसतं म्हटलं, "हो, पॉइंट उघडला." आणि बोल्ट कसला.

दुसऱ्या हँडलला जीप चालू झाली. शेडभर धूर. कोंबड्या पळाल्या. आवाज ओबडधोबड, पण चालू. ह्यांनी हात बॉनेटवर ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

१४ डिसेंबर

शब्द आले: पॉइंट, प्लग, पाना. कॅपला टोपी म्हणाले, ते चालेल. काल दुधाला पेट्रोल म्हणाले आणि स्वतःच हसले. रविवार अजून आहेच, पण आता तो एकटा नाही.

मुक्ताचा फोन. ह्यांना दिला. "बाबा, गाडी कशी आहे?" ह्यांनी फोन कानाला दाबून धरला. मग, "गरम." मुक्ता रडायला लागली. गरम म्हणजे खरंच गरम होतेय, टायमिंग अजून उशिरा आहे. तिला ते सांगितलं तर म्हणाली, "आई, तू भी ना."

२१ डिसेंबर

प्लास्टर निघालं. हात वाळलेल्या पडवळासारखा दिसतो.

टायमिंग केसभर पुढे आणलं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर. गरम होणं थांबलं. सपाट रस्त्यावर छान पळते. चालवायला भाऊजी, त्यांच्या शेजारी हे, मी मागे. वेचणीला आलेल्या कपाशीतून बाया हात करत होत्या. भाऊजी उगाचच हॉर्न वाजवत होते. विकायला निघालेला माणूस हा.

२८ डिसेंबर

खरी परीक्षा चढाला, युनूसभाई फोनवर म्हणाले. "चढाई पे कान लगाना, भाभी." म्हणून आज असीरगडाचा चढ.

पहिल्या वळणापर्यंत ठीक. पुढे गिअर पडला, इंजिनावर जोर आला आणि टिकटिक सुरू. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखं. मला वाटलं काहीतरी सैल आहे. ह्यांनी भाऊजींच्या मांडीवर थाप मारली, थांब.

उतरले. बॉनेटकडे बोट. "मागे."

मी म्हटलं, "गाडी मागे घ्यायची?"

मान हलवली. रागावले. डब्याकडे बोट. "मागे. मागे!"

टायमिंग मागे, म्हणजे ठिणगी उशिरा. खुणेप्रमाणे बरोबर होतं म्हणून मी हट्टाने म्हटलं, "खूण तर..." त्यांनी कानाला हात लावून दाखवला. बोल्ट सैल केला, केसभर मागे. पुन्हा चढ. टिकटिक कमी, पण आहे. पुन्हा "मागे". पुन्हा थोडं.

मग त्यांनी अजून मागे म्हटलं तेव्हा गाडी एकदम मढ्यासारखी झाली, चढेचना. मी म्हटलं, "आता तुमचं चुकलं. पुढे." माझ्याकडे बघितलं. मी पुढे घेतलं, अगदी नखभर. आणि वर गेलो. आवाज साफ, एकसारखा, शिलाई मशीन चालावं तसा. थेट गडाच्या तटापाशी थांबलो.

तिथे चहा पिताना भाऊजी म्हणाले, "तुम्ही दोघं भांडत होते तिथं रस्त्यात."

होतो. किती बरं वाटलं.

५ जानेवारी

ह्यांना सांगून, त्यांच्याच समोर मुक्ताने काढलेला चढावरचा व्हिडिओ भाऊजींनी शेठना पाठवला. (ती नाताळच्या सुट्टीत आली होती, पुन्हा एकदा चढ केला.) मला वाटलं होतं, चालू गाडीचा भाव वाढेल आणि नुसती फुलं लावायला मागणाऱ्याचा उत्साह जाईल.

शेठचा फोन आला, स्पीकरवर. "भाईसाहब, ये तो चलती है! चलती है तो मैं खुद चलाऊँगा, लॉन में नहीं खड़ी करूँगा. मेरे पिताजी के पास ऐसी ही थी." आवाज बदललेला. खोटं बोलत नव्हता माणूस.

आता झाली पंचाईत. फुलं लावायला मागत होता तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं.

१० जानेवारी

भाऊजींनी नळ्या घराच्या पडवीत हलवल्या. मी विचारलं, शेडचं काय? "तिथं तिलाच बरं वाटतं." मग तेच म्हणाले, "पण वैनी, दादा तर चालवू नाही शकत. उभी राहिली तर पुन्हा जाम होईल. चालवणारा माणूस घेऊन राह्यला तर..." वाक्य सोडून दिलं.

माझं मन विचाराल तर देऊ नये. पॉइंटची फट आता मला बोटाला कळते. मी लायसन्सचं विचारून आले आहे, स्कूटीच्या लायसन्सवर जीप चालत नाही म्हणे, नवीन काढावं लागेल. पण जीप ह्यांची आहे. पहिल्या दिवशी त्यांच्या वतीने मी नाही म्हणून बसले होते. तेव्हा इलाज नव्हता. आता आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला. "गोड," म्हणाले. पुढचं "बोला" मी म्हटलं.

विचारलं, "शेठ रविवारी येतायत. त्यांना मी काही सांगू का?"

"नाही. मी."

दोन शब्द, एकापाठोपाठ एक, दोन्ही जागच्या जागी.

१८ जानेवारी

निंबोला. कालच येऊन राहिलो. सकाळी गारठा होता, जीप मीच चालू करून ठेवली, हँडल न मारता, बॅटरीवर. थंडीत जरा कुरकुरली, मग लागली.

ह्यांनी डाव्या हाताने दाढी केली, हनुवटीला कापलं. इस्त्रीचा शर्ट घातला. त्याआधी न्हाणीत बराच वेळ. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी होते. आतून पाण्याचा आवाज नव्हता. बोलण्याचा होता.

"देतो."

थांबले.

"देत नाही."

पुन्हा. "देतो." "देत नाही." शाळेतली पोरं पाढा घोकतात तसं, दोन्ही सारख्याच आवाजात, एकही अडखळला नाही. कितीतरी वेळ. मी कान देऊन ऐकत होते, कुठल्या शब्दावर जोर आहे. कळलं नाही. कडी वाजवली, दार उघडलं, मी विचारलं, "काय ठरवलंत?"

"टॉवेल," म्हणाले, आणि घेतला.

शेठची गाडी आली. बांधावरून धूळ दिसते आहे. भाऊजी पुढे गेलेत. हे काठी घेऊन शेडकडे निघालेत. मी बरोबर निघाले तर हाताने खूण केली, तू इथेच.

ओसरीवर बसून हे लिहिते आहे. इथून दिसतं सगळं, ऐकू येत नाही, जीप चालू आहे ना. शेठ उतरले, नमस्कार केला. ह्यांनी काठी बॉनेटला टेकवून ठेवली. आता डावा हात मोकळा आहे.

बोलायला लागले.